शेंगांचा आनंद

स्पॅनिश शिकवताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? 'यो गुस्तो'चा. रविवारची अकराची बॅच, सात रस्त्याला झेरॉक्सच्या दुकानावरची माझी खोली, आणि फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलेलं: आवडणं आणि न आवडणं. तरी ऋतुजा उभी राहून म्हणाली, "यो गुस्तो चॉकलेट." हिचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालंय, त्यामुळं हिच्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्य तयार होतं आणि मग ती त्याला स्पॅनिश कपडे चढवते.

"बाई गं," मी म्हणाले, "घरी आईला काय सांगतेस? 'मी चॉकलेट आवडते' असं सांगतेस?"

"न्हाई मॅडम. मला चॉकलेट आवडतं."

"मग तेच सांग की. मला म्हणजे मे. आवडतं म्हणजे गुस्ता. मे गुस्ता. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. तसंच एक असेल तर गुस्ता, जास्त असतील तर गुस्तान. बाकी जगाला हे घोकावं लागतं, तुम्हाला हे जन्मापासून येतंय, आणि तुम्ही सोलापुरात बसून इंग्रजांच्या चुका करताय."

पोरं हसली. माझं तोंड फटकळ आहे हे त्यांना पहिल्याच तासाला कळतं, आणि तरी येतात, म्हणजे काहीतरी मिळत असणार. मी बुद्धप्रिया. बुधवार पेठेत वाढले, पुण्यात स्पॅनिश शिकले, तिथल्या कंपनीत चार शिफ्टा फिरवून कंटाळले आणि परत आले. हिला कुठं नोकरी मिळाली नाही म्हणून क्लास काढला, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

त्या दिवशी मी फळ्यावर आणखी एक गोष्ट सांगितली होती. इंग्रजीत माणूस मालक असतो, तो वस्तूला आवडून घेतो. स्पॅनिशमध्ये आणि मराठीत आपण नुसतं 'मला' म्हणून उभं राहायचं. मग मला आवडतं, मला दुखतं, मला बाधतं. जे व्हायचं ते त्या वस्तूच्या हातात असतं. हे वाक्य मला पुढं दिवसभर आठवत राहिलं.

"आता दुसऱ्याबद्दल सांगा," मी म्हणाले. "त्याला काय आवडतं, तिला काय आवडत नाही. इंद्रजीत, तू ऊठ."

इंद्रजीत चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्यांच्याकडं टॉवेल वाळवायचं स्पेनचं मशीन आलंय, आणि ते बसवून द्यायला तिकडून विसेन्ते नावाचा माणूस आलाय. या माणसाला इंग्रजी येत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून मालकानं इंद्रजीतला माझ्याकडं धाडलं. चारच तास झाले होते त्याचे. पण पोरगं हुशार, आणि हुशारीपेक्षा आत्मविश्वास दुप्पट. शर्ट नीट करून उभा राहिला आणि म्हणाला, "आ विसेन्ते, लोस काकावेतेस ले दान मुचा अलेग्रिया."

विसेन्तेला शेंगदाणे खूप आनंद देतात.

मी चकित झाले. वाक्य बिनचूक होतं. 'ले दान' मी अजून शिकवलंच नव्हतं.

"हे कुठून आणलंस?"

"ओरिजिनल हाय मॅडम," तो खुलला. "त्यांच्या तिकडच्या ऑफिसातल्या बाईनं व्हॉइस मेसेज पाठवलाय. मी तिला आधीच कळवलं हुतं, मला स्पॅनिश येतं म्हणून. मग ती स्पॅनिशमध्येच बोलली. काकावेते म्हंजे शेंगदाणा, मी डिक्शनरीत बघितलं. अलेग्रिया तर तुमीच शिकवलंय. आनंद."

"बरं. मग?"

"मग काय, अव्वाला सांगितलं. आज त्याचं जेवण आमच्याकडं हाय. अव्वा म्हनली, परक्या देशातनं आलेला माणूस, हॉटेलात ब्रेड आन् केळी खाऊन राहतोय, आण घरी. त्यात त्याला शेंगा आवडतात म्हटल्यावर तर विचारूच नका. काल दिवसभर शेंगाच भाजत हुती. शेंगाचटणी, कूट घालून भरली वांगी, आमटीला बी कूट, आन् गोडाला शेंगापोळी. कडक भाकरी सोडली तर ताटात शेंगा न्हाई असं कायच न्हाई."

सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. शेंगा म्हटलं की आमच्याकडं कुणाला शंका येत नाही. सोलापूरच्या माणसाला 'शेंगांनी आनंद होतो' असं सांगितलं, तर तो एवढंच म्हणेल की मग, होणारच की.

"काल विसेन्तेनं सवता बी विचारलं," इंद्रजीत म्हणाला. "काकावेतेचं तुझ्या आईला म्हाईत हाय का, म्हणून. मी म्हटलं, सी, सी, मुचो, मुचो. हो, हो, लई. लई खूश झाला. खांद्यावर थाप मारली."

माणसं आनंदाच्या गोष्टीची अशी खात्री करून घेत नाहीत. मला तिथंच काहीतरी खटकलं.

"तो मेसेज लाव."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला. बाई घाईत होती, आपण गॅसवर दूध ठेवून बोलतो तशी बोलत होती. आ विसेन्ते, लोस काकावेतेस ले दान अलेर्खिया. मुचा, मुचा अलेर्खिया. कुइदादो, पोर फावोर.

"परत लाव," मी म्हणाले.

परत लावला.

खडू हातातच होता. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, कारण मला दुसरं काही सुचेना. अलेग्रिया. अलेर्गिया. स्पॅनिशमध्ये 'गि'चा उच्चार 'खि' होतो, म्हणून तो दुसरा शब्द ऐकायला अलेर्खिया. एका र चा फरक. र पायाशी आला तर आनंद, आणि रफार होऊन डोक्यावर गेला तर अ‍ॅलर्जी.

"अ‍ॅलर्जी?" इंद्रजीत म्हणाला.

"मुचा अलेर्खिया. आणि कुइदादो म्हणजे जपा, सांभाळा. ती बाई तुला सांगत होती, याला शेंगदाणा दिला तर हा मरेल, आणि तू आईला शेंगा भाजायला बसवलंस. जेवण किती वाजता आहे?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "आप्पा त्याला आणायला कवाच गेलेत. मला बी एकला बोलावलंय. आता बसत असतील."

"फोन कर."

त्यानं वडलांना लावला. ईरप्पा गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, आणि घरी आले की फोन चार्जिंगला लावून विसरतात. वाजून वाजून बंद झाला. इंद्रजीतच्या फोनवरून विसेन्तेला मी स्वतः मेसेज टाकला, तर एकच टिक. त्याचा फोन हॉटेलच्या वायफायवर चालतो, रस्त्यात तो नुसता डबा.

मग त्यानं आईला लावला, तिनं उचलला. इंद्रजीत घाबरला होता, आणि घाबरला की त्याचं मराठी जातं. घरचं कन्नड सुरू झालं. "अव्वा, अवनिगे शेंगा बेडा. बेडा, अव्वा."

माझं कन्नड अक्कलकोटच्या एसटीत ऐकून आलेलं, म्हणजे जेमतेम. पण बेडा मला कळतं. नको.

पलीकडून बाई हसल्या. भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी आल्याचा गलका झाला, त्या काहीतरी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

इंद्रजीतचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हनली, पयल्यांदा समदेच नको म्हणत्यात. त्यानं अजून माझ्या हातचं खाल्लं कुटं हाय."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "अरे, नको काय म्हणतोस? पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, सगळा जिल्हा असाच जेवतोय. तू आता त्यांना आग्रह करायला सांगितलंस. आवडत नाही म्हणून चालत नाही, नको म्हणून चालत नाही. बाधतं म्हण. विष आहे म्हण त्याला."

त्यानं परत लावला. कुणी उचलला नाही. आता बाई वाढायला बाहेर गेल्या होत्या आणि फोन आत ओट्यावर वाजत असणार.

"शेजारी?"

"त्यांचा नंबर अव्वाकडं हाय. माझ्याकडं न्हाई."

"चल."

क्लास तसाच टाकून आम्ही खाली पळालो. गाडी माझी, मीच चालवली. इंद्रजीत मागं बसून फोन लावत होता. त्याचं घर अक्कलकोट रोडला. एरवी हा रस्ता काही लांब नाही, पण आमच्या गावात कुठला रस्ता कुठल्या दिवशी खोदलेला असेल हे कुणालाच माहीत नसतं. एका ठिकाणी पाइपलाइनसाठी चर काढलेला आणि पलीकडं ट्रॅक्टर आडवा. मी ट्रॅक्टरवाल्याला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. फुटपाथवरून गाडी काढली. एका भाजीवालीच्या पाटीला चाक लागलं, तिनंही मला जे बोलायचं ते बोलून घेतलं.

"उचलला का?"

"न्हाई."

"लावत राहा."

मला भीती वाटत होती. राग मला रोजचाच आहे, त्याची सवय आहे. भीती तशी वाटत नाही मला फार. पण मी या माणसाला कधी बघितलं नव्हतं, आणि तरी त्याचं ताट मला दिसत होतं. कडक भाकरी, लाल चटणी, वर तेल. त्याला ते शेंगदाणे आहेत हे कळणारसुद्धा नव्हतं. आख्खा दाणा कुठं दिसतो आमच्याकडं? कूटच असतं सगळं. आणि काकावेतेचं आईला माहीत आहे असं त्याला सांगितलेलं. तो अगदी निर्धास्त बसला असणार.

घराचं दार सताड उघडं होतं. बाहेर रांगोळी, उंबऱ्याशी विसेन्तेचे मोठे तपकिरी बूट. गाडी इंद्रजीतच्या हातात सोडून मी आत धावले, चपला काढल्या नाहीत.

समोरच्या खोलीत टेबल लावलं होतं. विसेन्ते खुर्चीत बसलेला, पन्नाशीच्या आतबाहेरचा, उन्हानं लाल झालेला, गळ्याशी कुणीतरी प्रेमानं रुमाल खोचून दिलेला. शेजारी ईरप्पा. आणि इंद्रजीतची आई, शरणम्मा, हातात तुपाची वाटी घेऊन त्याच्या डोक्याशी उभ्या. भाकरी मोडलेली होती. भाजीला अजून हात लागला नव्हता. पण शेंगापोळीचा एक कोपरा तुटलेला होता आणि विसेन्ते काहीतरी चावत होता.

"नो," मी म्हणाले. "काकावेते. काकावेते, तोदो."

सगळ्यात शेंगदाणे. एवढंच आलं तोंडात. मी पुढं होऊन ताट ओढलं. वाटी कलंडली, आमटी टेबलावरून ईरप्पांच्या धोतरावर गेली. विसेन्तेनं माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं, आणि तोंडातला घास रुमालात काढला. पण त्यातला काही पोटात गेला होता.

"कोन हाय ही बाई," शरणम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चपला घालून आली. जेवत्या मानसाला ताटावरनं उठवती. आमच्या घरात असलं कदी झालं न्हाई."

त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मला बाहेर काढलं असतं.

विसेन्तेनं ओठाला हात लावला. खालचा ओठ फुगायला लागला होता. त्यानं घसा खाकरला, परत खाकरला, आणि मला म्हणाला, "मे…"

मला. आणि पुढचं काही येईना. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "मे…" मानेवर लाल चट्टे उठत होते. मी वर्गात किती सहज सांगितलं होतं की आपण नुसतं 'मला' म्हणून उभं राहायचं. मला ते आठवलं आणि रडू यायला लागलं, पण वेळ नव्हता.

"इंजेक्शन?" मी स्पॅनिशमध्ये विचारलं. "कुठंय तुमचं इंजेक्शन?"

त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला. तिथं काही नव्हतं. मग खाली बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत भीती दिसली.

"बॅग," मी ओरडले. "यांची बॅग कुठंय?"

"आत ठेवलीया नीट," शरणम्मा म्हणाल्या. "पाहुण्याची बॅग अशी खाली ठेवत्यात का. पर तुमी आदी सांगा, तुमी हायसा कोन."

मी त्यांच्याकडं वळले. नको, आवडत नाही, चालत नाही, हे सगळे शब्द त्या घरात वापरून संपले होते. "काकू, त्यांना शेंगा बाधतात," मी म्हणाले. "विष आहे त्यांना ते. त्यांचं औषध बॅगेत आहे. आत्ता नाही मिळालं तर जीव जाईल."

तुपाची वाटी त्यांच्या हातातून सुटली. साठीची बाई, पण कधी आत गेल्या आणि कधी आल्या कळलं नाही. बॅग त्यांनी देवाच्या खोलीत ठेवली होती, वर स्वच्छ पंचा झाकून. पंच्यासकट घेऊन आल्या.

बाहेरच्याच कप्प्यात इंजेक्शनची ती पेनसारखी वस्तू सापडली. विसेन्तेला वरची टोपी निघेना. मी काढली. मला कसं वापरायचं काही माहीत नव्हतं. त्यानं माझी मूठ धरली, मांडीशी नेली आणि पँटवरूनच दाबली. कट्ट असा आवाज झाला. तो तसाच दाबून धरून बसला, मीही धरून बसले. त्याच्या श्वासाला शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता, आणि मी त्याला सांगत होते, आता बरं वाटेल, आता बरं वाटेल. स्पॅनिशमध्ये सांगत होते का मराठीत, देवाला ठाऊक. इंद्रजीतनं दारातून ओरडून सांगितलं, तशी ईरप्पांनी तोवर गाडी दारात आणली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याला थोडा श्वास येत होता. त्यांनी लगेच आत घेतलं आणि पडदा ओढला.

बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं. ईरप्पांच्या धोतरावर आमटी वाळली होती. शरणम्मा अनवाणी आल्या होत्या. आतून मशीनचा टीं टीं आवाज यायचा, आणि तो जरा लांबला की आम्ही सगळे पडद्याकडं बघायचो.

इंद्रजीत हळूच म्हणाला, "मॅडम, एका र चा फरक हो."

"गप बस," मी म्हणाले. "फरक र चा नाही. मला स्पॅनिश येतं, असं तू लिहून दिलंस, तिथं आहे फरक. मला एक मेसेज टाकायला काय झालं होतं तुला? मी काय खाते का माणसं?"

तो खाली मान घालून रडायला लागला. रडू दे म्हटलं. मग मलाच कसंतरी झालं आणि मी त्याला पाण्याची बाटली दिली. तो प्यायला, मग तीच बाटली शरणम्मांनी घेतली, तोंड लावून प्यायल्या आणि मला परत दिली.

"त्यो नको म्हनला हुता," त्या म्हणाल्या. "पोळी वाढली तवा. हात आडवा धरला. पोटात मावणार न्हाई असं दावलं. मला वाटलं लाजतोय. मी म्हटलं, एक घास, माझ्यासाठी एक घास. तवा खाल्ला त्यानं." मग पडद्याकडं बघितलं. "माझ्यासाठी खाल्ला त्यानं त्यो घास."

त्यांना बरं वाटेल असं खोटं बोलायला मला जमत नाही, आणि खरं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं होतं.

पुष्कळ वेळानं डॉक्टर बाहेर आले. इंजेक्शन वेळेत दिलं म्हणून वाचले, म्हणाले. रात्रभर इथंच ठेवू, कधीकधी परत त्रास होतो. ईरप्पांनी हात जोडले. शरणम्मांनी जोडले नाहीत, त्या तशाच बसून राहिल्या. "परत हुतो म्हंजे?" एवढंच विचारलं, आणि रात्री घरी गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर विसेन्ते गादीवर उशीला टेकून बसला होता. ओठ अजून थोडा जाड होता, पण रंग आला होता. मला बघून म्हणाला, "प्रोफेसोरा," आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. इंद्रजीतला किती बोललात, असंही विचारलं. मी म्हणाले, अजून बोलायचं राहिलंय. तो हसला आणि खोकला आला.

शरणम्मा दाराशी उभ्या होत्या. आत येईनात. आजारी माणसाकडं जाताना या बायका कधी रिकाम्या हातानं जात नाहीत, डबा नाही तर निदान दोन फळं असतात. त्यांच्या हातात काही नव्हतं. पदर घट्ट धरून उभ्या होत्या.

"सेन्योरा," विसेन्तेनं हाक मारली. मग मला म्हणाला, "दिले के मे गुस्तो."

तिला सांग, मला आवडलं. आवडतं ते गुस्ता, आवडलं ते गुस्तो.

मला वाटलं, हा चांगला माणूस आहे, बाईला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. मी मान हलवली आणि सांगितलं नाही. तर त्यानं मला थांबवलं. असं नाही, म्हणाला, खरंच. दोन वर्षांचा असताना पहिल्यांदा मरता मरता वाचलो, ते काही आठवत नाही. त्यानंतर कधी तोंडात घेतलं नाही. शेंगदाणा म्हणजे माझ्यासाठी पुड्यावर बारीक अक्षरात छापलेला एक शब्द. लहानपणी पोरं सामना बघताना मुठी भरभरून खायची, मी लांब बसायचो. नेहमी वाटायचं, काय असेल याची चव. काल तो घास तोंडात घेतला. आधी गूळ लागला, मग काहीतरी खमंग, भाजलेलं, मला कधीच माहीत नसलेलं. हे काय आहे, असा विचार मी करत होतो, तेवढ्यात तुम्ही आलात. "मे गुस्तो," तो म्हणाला. "मे गुस्तो मुचो. एसो एस लो मालो."

लई आवडलं. तेच वाईट झालं.

एका अक्षराची चूक झाली तर पोरांना उभं करणारी मी, पण त्या क्षणी मला वाटलं, हे वाक्य इथंच सोडून द्यावं. काही कारण नव्हतं त्या बाईला हे सांगायचं. पण तो माझ्याकडं बघत होता आणि त्या दारातून माझ्याकडं बघत होत्या. दोघांच्या मधे बोलणारी मी एकटी होते.

"काकू," मी म्हणाले, "ते म्हणतात, तुमची शेंगापोळी त्यांना आवडली. जाणत्या वयात पहिल्यांदा शेंगा खाल्ल्या म्हणतात. लई आवडल्या."

शरणम्मा त्याच्याकडं बघत राहिल्या. कालपासून त्या रडल्या नव्हत्या. घरी नाही, गाडीत नाही, रात्रभर त्या बाकावर बसून नाही.

"आता हे मला कशाला सांगितलंस गं," त्या मला म्हणाल्या. आतापर्यंत मला तुमी म्हणत होत्या. आत आल्या, त्याच्या पायाशी असलेल्या स्टुलावर बसल्या, आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या.

विसेन्ते घाबरला. पुढं वाकून त्यानं मला हळूच विचारलं, "नो ले आ गुस्तादो?" मी बोललेलं त्यांना आवडलं नाही का?

"सी," मी म्हणाले. "ले आ गुस्तादो." आवडलं, म्हणूनच.